बाईंचा हात श्वास घेतो

बाई बस स्थानकावर गाड्या पुकारायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाची छत्री बाकावर राहिली, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीत बिस्कीट खात आईबापांची वाट बघतंय, हे सगळं त्या एका काचेच्या खोलीत बसून सांगत. खोली एवढीशी आणि आवाज हा एवढा. समोर माईक होता, पण तो चवीपुरता. बंद पडला तरी पहिल्या दोन फलाटांना पत्ता लागत नसे.

असला आवाज घेऊन रोज घरी येणाऱ्या बाईशी संसार करायचा तर नवराही त्याच मापाचा हवा, आणि तो तसा मिळाला होता. यजमान घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून दिवसभर तांदळाच्या दाण्याएवढ्या चाकांशी झटापट, तोंडातून शब्द नाही. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं आणि जेवायला बसताना ते नेमका तोच कान बाईंकडे करून बसत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. उलट यामुळे मनसोक्त बोलता येतं, असं त्या म्हणायच्या.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. गुडघे गेले होते, दात गेले होते, मतं मात्र सगळी शाबूत होती.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना तिसऱ्या फलाटावरचा कर्णा घसा बसल्यासारखा बोलू लागला. बाई इकडे स्वच्छ म्हणायच्या, गिरणीची गाडी. तिकडे ते ‘घरची गाडी’ असं ऐकू यायचं, आणि घरी जायची घाई कुणाला नसते? माणसं भराभर चढायची, गिरणीच्या फाटकाशी उतरायची आणि वाहकाशी भांडायची. वीजवाला रजेवर होता. स्थानकप्रमुख म्हणाले, सोमवारी येईल तो, तोवर चालवून घ्या. पण आपल्याच आवाजाची ही विटंबना बाईंना सोमवारपर्यंत सोसवेना. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी शिडी मागवली, ओळखीच्या हमालाला ती धरून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः वर चढल्या. कर्ण्याच्या तोंडात हात घातला तर आतून लोकरीचा एक मोजा निघाला. तो तिथे कसा गेला, हे आजतागायत कुणाला उलगडलेलं नाही. एवढ्यात खाली एका प्रवाशाने हमालाला चौकशीची खिडकी कुठे आहे म्हणून विचारलं, आणि हा हमाल वाट सांगताना दोन्ही हातांनी सांगणाऱ्यांतला होता.

शिडी सरकली. बाई मोज्यासकट खाली आल्या. उजवा खांदा सामानाच्या ढकलगाडीच्या लोखंडी दांड्यावर आदळला आणि मान दुसऱ्या बाजूला फेकली गेली. दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढावं तसं काहीतरी मानेखाली झालं, एक सणसणीत कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली, आणि मग हात गप्प झाला. भोवती हीऽ गर्दी. बाईंनी पडल्या पडल्या डोळे उघडले आणि म्हणाल्या, “बंदराची गाडी सुटतेय. बंदरवाल्यांनी इथे उभं राहू नये.” अर्धी गर्दी तिथल्या तिथे पांगली. त्या दिवशी बंदराची गाडी कधी नव्हे ती वेळेवर सुटली, असं वाहक अजून सांगतो.

दवाखान्यात हाताचे फोटो काढले, तर हाड एकही मोडलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, झालं तर मग, उद्यापासून कामाला लागा. पण हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, खुंटीला अडकवलेल्या कोटाच्या बाहीसारखा. गंमत अशी की बोटं हलत होती. बोटं हलवा म्हटलं की जराशी अडखळत का होईना, पण हलायची. कोपर वाकवा म्हटलं, की हात ऐकूच आलं नाही असं दाखवायचा.

“घरात आधीच एक आहे तसा,” बाई म्हणाल्या. यजमानांना हे मात्र नीट ऐकू आलं.

पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या. स्नायूत सुया टोचून विजेची यंत्रं लावून पाहिलं, मानेचे वेगळे फोटो निघाले. नसांचे डॉक्टर वयाने बेताचे, चेहऱ्याने गंभीर आणि बोलायला अतिशय हळू होते; बाईंना त्यांच्याकडे पुढे वाकून ऐकावं लागे, आणि त्यांना बाईंपासून मागे सरकावं लागे. त्यांनी समजावून सांगितलं, की मानेच्या मणक्यांतून नसांची मुळं निघतात, त्यांचा एक गुंता काखेकडे उतरतो, आणि तिथून त्या हातभर पसरतात. त्यातली वरची मुळं ओढली जाऊन उपटली आहेत. खालची शाबूत आहेत, पण त्यांनाही हिसका बसलाय.

बाईंना एकदम उजेड पडला. म्हणजे माईक ठीक, कर्णा ठीक, मधली वायर तुटली, असंच ना?

“जवळपास,” डॉक्टर म्हणाले. “पण वायर जोडली की लगेच आवाज येतो. इथे तसं नाही. उपटलेलं मूळ जिथल्या तिथे परत लावता येत नाही. दुसरीकडून चांगली नस आणून स्नायूला जोडायची, मग ती रोज केसाएवढी वाढत आत जाणार. पोचेपर्यंत तुम्हाला काही म्हणजे काही जाणवणार नाही. आणि पोचेलच अशी हमी मी देत नाही.”

तरी डॉक्टरांनी काही आठवडे थांबायचं ठरवलं. थोडंफार आपोआप परत येतंय का ते बघायचं, नाही आलं तर मात्र उशीर करायचा नाही, कारण नसेशिवाय राहिलेला स्नायू कायमचा सुकतो.

हे थांबणं म्हणजे घरात एक पाहुणा येऊन राहिल्यासारखं होतं. पाहुणा जड, निरुद्योगी, आणि सतत कुणीतरी उचलून ठेवावा लागणारा. झोळीत अडकवला तर मान दुखे, मोकळा सोडला तर दारात सापडे. बाई खुर्चीवर बसत आणि मग कळे की आपण आपल्याच हातावर बसलोय. एकदा त्या तरातरा खोलीबाहेर गेल्या, दार आपटलं, आणि हात आतच राहिला होता. दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळत नसे. एकदा गरम किटलीला हात टेकून त्या शेजारणीशी निवांत बोलत उभ्या राहिल्या आणि जळकट वास शेजारणीला आला.

आणि स्पर्श कळत नव्हता म्हणून दुखत नव्हतं असं नाही. उलट. ज्या हाताला चिमटा काढलेला कळत नाही, तोच हात मधूनच निखाऱ्यात धरल्यासारखा जळायचा. खांद्यातून वीज निघायची ती अंगठ्याच्या टोकातून बाहेर पडायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी कळ कमी व्हायची, पण त्याबरोबर बाईही कमी व्हायच्या. वाक्य सुरू करून मधेच पेंगायच्या. सासूबाईंना हे नवीन होतं. सुनेचं वाक्य अर्धवट राहिलेलं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग सुनेला काही बोलणं बरं दिसेना, म्हणून त्या हातालाच फैलावर घ्यायला लागल्या. घास भरवताना त्याच्याकडे बघून म्हणायच्या, “खायला सगळ्यांच्या आधी, कामाला कुठेच नाही. आमच्या वेळचे हात असे नव्हते.”

एक आठवडा मात्र असा गेला की त्याबद्दल घरात कुणी थट्टा करत नाही. बाई सकाळी, हात सहज शिरावा म्हणून घातलेल्या यजमानांच्या सदऱ्याची बटणं लावायला बसल्या. डाव्या हाताने एक बटण लागेना. खटपट करता करता सकाळ सरली. मग त्या तशाच पलंगाच्या कडेला बसून राहिल्या, आणि त्या दिवशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जेवणं झाली, भांडी झाली, घरात घड्याळांची टिकटिक ऐकू यायला लागली, जी त्या घरात आजवर कुणाला ऐकूच आली नव्हती. तिसऱ्या दिवशी यजमान जेवायला आले आणि आपली खुर्ची उचलून त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. चांगला कान बाईंकडे. मग खिशातून पितळेचा एक आकडा काढून पुढे केला. घड्याळाची जाड तार वाकवून, त्याला लाकडी मूठ बसवून केलेला. तो काजातून घालायचा, बटणाला अडकवायचा आणि ओढायचा.

“बोल ना काहीतरी,” यजमान म्हणाले. “शांततेची सवय गेलीय माझी.”

बाईंनी पहिलं बटण लावलं. दुसरं लावलं. तिसऱ्याच्या वेळी आकडा सदऱ्यातच गुंतला आणि मग त्यांनी त्या आकड्याला, सदऱ्याला, काज करणाऱ्या शिंप्याला आणि शिडी धरणाऱ्या हमालाला जे काही ऐकवलं ते यजमानांनी चांगल्या कानाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची पूर्ववत जागेवर गेली, पण थोडी तिरकी.

वाट बघूनही खांदा आणि दंड ढिम्म हलले नाहीत, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवलं. बोटांच्या नसा आधीच हिसका खाल्लेल्या, त्यांच्याकडून उसनं घेणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून बरगड्यांच्या मधून जाणाऱ्या नसांपैकी काही सोडवून त्या दंडाच्या स्नायूला जोडायच्या, म्हणजे निदान कोपर तरी वाकेल.

“फक्त एक आहे,” ते म्हणाले. “या नसा श्वासाच्या कामाच्या. दंडात गेल्या तरी सुरुवातीला त्या आपलं जुनंच काम करणार. म्हणजे तुम्ही मोठा श्वास घेतलात की हात वाकेल. खोकलात, शिंकलात, तरी वाकेल.”

सासूबाईंनी विचारलं, “आणि हात नाही हलवला तर हिचा श्वास बंद?”

तसं काही होणार नाही, असं डॉक्टरांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. श्वासाला बाकीच्या नसा पुष्कळ आहेत. बाईंनी मात्र बरगड्यांवर डावा हात ठेवून त्यांची मनोमन माफी मागितली. इतकी वर्षं त्यांनीच आवाजाला वारा पुरवला होता.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. बाई जाग्या झाल्या तेव्हा हात छातीशी घट्ट बांधलेला आणि कूस शिवलेली होती, हसलं तरी दुखत होतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी विनोदी सांगायचा. हात सुटला तेव्हा तो होता तसाच होता. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तरी तिघांनाही आतून वाटत होतं, की आपल्या बाबतीत नस जरा लवकर येईल.

मग व्यायामवाली आयुष्यात आली. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत तिची खोली. चटया, दोऱ्या, रंगीत चेंडू, भिंतीला एक लांब आरसा. बाईंपेक्षा ती निम्म्या वयाची होती आणि दुपटीने हट्टी. तिने यजमानांना शिकवलं, की रोज बाईंचा खांदा, कोपर, मनगट हळूहळू सगळ्या दिशांनी फिरवायचं, नाहीतर सांधे धरतात आणि उद्या नस पोचली तरी हात वाकायला जागा उरत नाही. यजमानांना हे काम इतकं मनापासून आवडलं की काय सांगावं. दुकान उघडायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळांना चावी द्यायची, मग बायकोला. कुठलाही सांधा एका बोटाने जास्त ढकलला नाही की कमी नाही. बाई म्हणायच्या, तेल तेवढं घालू नका म्हणजे झालं.

बाईंना दिलेलं काम वेगळं होतं. आरशासमोर बसायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, आणि मनात म्हणायचं, वाक. हात वाकत नाही हे दिसत असताना म्हणायचं, वाक. महिने गेले. पानं झडली, परत आली. बाईंनी त्या हाताला इतक्या वेळा वाक म्हटलं की झोपेतही त्या पुटपुटायच्या, आणि यजमान शेजारी पडल्या पडल्या पाय पोटाशी घ्यायचे.

हात पहिल्यांदा हलला तो आरशासमोर नाहीच. दुपारची वेळ, बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डाव्या हाताने बटाटे सोलत होत्या. सोलून झालेल्या बटाट्यांकडे बघून सासूबाई म्हणाल्या, “सालीला बटाटा जास्त आणि बटाट्याला बटाटा कमी.” बाईंनी उत्तर द्यायला श्वास घेतला. गाडी पुकारायच्या आधी घेत तसा, पोटापासून. आणि उजव्या दंडात, कातडीखाली, कुणीतरी आतून टिचकी मारावी तसं काहीतरी हललं.

दोघींनी ते पाहिलं. बाई उत्तर विसरल्या.

“पुन्हा म्हणा,” बाई म्हणाल्या. “आई, पुन्हा म्हणा.”

सासूबाईंनी पुन्हा म्हटलं. बाईंनी श्वास घेतला. पुन्हा टिचकी.

दुसऱ्या दिवशी व्यायामवालीने दंडावर बोटं ठेवून खात्री करून घेतली आणि तिचेही डोळे चमकले. जे केल्याने होतंय तेच रोज करा, असं तिने सांगितलं. सासूबाईंनी हे शब्दशः घेतलं. औषध वेळेवर द्यावं तसा त्या सकाळ-संध्याकाळ एकेक टोमणा द्यायला लागल्या. पण टोमणा मारायचा म्हणून मारायला गेलं की जमत नाही. आणि सुनेचा हात हलतोय याचा त्यांनाच इतका आनंद झालेला, की त्यात धारच येईना. “भात... भात आज अगदी... बरा झालाय की गं,” असं म्हणून त्या थांबायच्या आणि दंडात काही हलायचं नाही. शेवटी सुनेवरच्या टोमण्यांचा साठा संपल्यावर त्यांनी पोटच्या मुलाला हाताशी धरलं. यजमानांच्या झोपण्याबद्दल, केस कापण्याबद्दल आणि गिऱ्हाइकांकडून पैसे मागायला लाजण्याबद्दल त्या अशा काही बोलायच्या, की बाई त्यांच्या बाजूने बोलायला श्वास घ्यायच्या आणि हात हलायचा. यजमान आपला वाईट कान मधे धरून बसत. एकूण उपचार घरगुती होता, पण लागू पडला.

हळूहळू टिचकीचा झटका झाला आणि झटक्याचा हिसका. मग एक दिवस श्वासाबरोबर अख्खं कोपर वाकून हात छातीपर्यंत वर आला. दुर्दैवाने त्या वेळी स्थानकप्रमुख घरी आले होते. बाईंच्या जागी ज्या कारकुनाला बसवलं होतं तो गाड्या पुकारायचा नाही, त्यांना विनंती करायचा; माणसं वैतागली होती, म्हणून बाई कधी येतात ते विचारायला साहेब जातीने आले होते. बाईंनी उजव्या हाताच्या बोटांत चहाचा कप धरला होता. बोटांना काम हवं, असं व्यायामवालीने सांगितलं होतं. आणि बाईंना शिंक आली. चहा साहेबांच्या सदऱ्यावर, भिंतीवर आणि सासूबाईंच्या मते छतावरही गेला. साहेब विचारायचं ते न विचारताच उठले. बाईंना चहाचं काही नव्हतं. त्या रिकाम्या कपाकडे बघून म्हणाल्या, “आला की हो वर.” आणि मग त्यांना रडू आलं, आणि रडताना हुंदक्याबरोबर हात वर-खाली व्हायला लागला, ते बघून सासूबाईंना हसू आलं, ते बघून बाईंना, आणि हसण्याने हात आणखीच नाचायला लागला. यजमानांनी शेवटी पुढे होऊन तो धरला.

बाई कामावर परतल्या तेव्हा स्थानकाने हार-तुरे केले नाहीत, पण वाहकांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले. काचेची खोली होती तशी होती. खुर्ची, टेबल, वेळापत्रक, माईक. बाई बसल्या, छाती भरून श्वास घेतला, हात टेबलावरून उठला आणि माईकवर आदळला.

टप्प.

सगळ्या फलाटांवर टप्प. मग बाईंचा आवाज: बंदराची गाडी फलाट दोनवर लागली आहे. पुन्हा श्वास, पुन्हा टप्प: गिरणीची गाडी थोडी उशिरा येत आहे. माईक लांब सरकवला तर हात हवेतून येऊन गालावर बसायचा. हात टेबलाखाली ठेवला तर टेबल उचललं जायचं. बाईंनी ठरवलं, राहू दे टप्प.

दोन-चार आठवड्यांत लोकांना सवय झाली. टप्प झालं की बोलणारे गप्प होत, पेंगणारे डोळे उघडत, गाठोडी खांद्यावर चढत. नेहमीचे प्रवासी तर पुढचं ऐकायलाही थांबत नसत. टप्प म्हणजे उठा. स्थानकप्रमुखांनी वरच्या कचेरीला कळवलं, की प्रवाशांत शिस्त वाढली आहे. टप्पचं कारण त्यांनी कळवलं नाही.

आणि मग तो दिवस आला. दुपारी घाईघाईत कोरडा पाव खाऊन बाई माईकपाशी बसल्या, बटण दाबलं, श्वास घेतला, टप्प झालं, माणसं उठली. आणि बाईंना उचकी लागली.

टप्प. टप्प. टप्प.

उचकी काही विचारून येत नाही. प्रत्येक उचकीला हात उडायचा आणि माईकवर बसायचा, आणि डावा हात पाण्याच्या भांड्याकडे गेलेला असल्यामुळे बटण बंद करायला हात उरला नव्हता. बाहेर पहिल्या टप्पला उठलेली माणसं दुसऱ्याला पुढे सरकली, तिसऱ्याला पळायला लागली. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण शेजारचा पळतोय म्हणजे त्याला माहीत असणार, या हिशेबाने सगळे पळत होते. पहिल्या फलाटावरचे तिसऱ्यावर, तिसऱ्यावरचे दुसऱ्यावर. एक आजोबा उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत चढून खिडकीची जागा धरून बसले. चालकांना वाटलं आपलीच गाडी पुकारली, त्यांनी इंजिनं सुरू केली. हमाल मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी सगळ्यांना वाट दाखवत होता. बाई काचेतून हे सगळं बघत होत्या. खुलासा करायला तोंड उघडायच्या, आणि उघडलेल्या तोंडातून उचकीच बाहेर पडायची.

स्थानकप्रमुख धावत वर आले आणि त्यांनी दार धाडकन उघडलं. बाई दचकल्या. उचकी थांबली. दचकण्याने आत ओढलेल्या श्वासाबरोबर हात शेवटचा वर गेला आणि साहेबांना सलाम ठोकल्यासारखा छातीशी थांबला.

“बाई,” साहेब धापा टाकत म्हणाले, “याला आवरा हो कुणीतरी.”

व्यायामवालीला हा प्रकार सांगितला तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम कामाला लागली. तिचं म्हणणं, दिवसातून इतक्या वेळा श्वासावर हात उचलून उचलून स्नायूला चांगला जोर आलाय. आता हाताला श्वासापासून सोडवायचं. हे काम बाईंना पहिल्यापेक्षा कठीण गेलं. आधी हलत नसलेल्या हाताला हल म्हणायचं होतं. आता हलणाऱ्याला थांब म्हणायचं होतं, आणि उलट, श्वास न घेता वाक म्हणायचं होतं. बाई आरशासमोर बसून हात वाकवत आणि त्याच वेळी वेळापत्रक म्हणत. सुरुवातीला प्रत्येक गाडीला हात घसरायचा. मोठ्याने हसताना हात मांडीवर ठेवून दाखवायचा, हा एक व्यायाम होता, आणि त्यासाठी व्यायामवाली वाईट विनोद जमवून आणायची. सासूबाईंच्या मते ते विनोद इतके वाईट होते की हात हलण्याचा प्रश्नच नव्हता.

पण डोक्याला हळूहळू उमगलं. दंडाची नस बरगडीकडून आली असली तरी आता ती दंडाची आहे, हे एकदा कळल्यावर श्वास आपल्या वाटेने गेला आणि हात आपल्या. आता बाई मनात आणतील तेव्हा कोपर वाकतं. भरलेली पिशवी धरता येते, चष्मा लावता येतो, कप तोंडापर्यंत नेता येतो. खांदा तसा राहिला तो राहिलाच. हात डोक्याच्या वर जात नाही, केस यजमान विंचरतात, आणि भांग इतका काटेकोर पाडतात की बाईंना तो मोडावासा वाटतो. गारठा पडला की जुनी वीज अजून खांद्यातून अंगठ्यापर्यंत जाऊन येते, मग त्या हात उबेला धरून बसतात आणि त्या संध्याकाळी कुणी त्यांच्याशी हुज्जत घालत नाही. मोठी शिंक आली तर हात अजून थोडा उसळतो. डॉक्टर म्हणाले, तेवढं बहुतेक राहील.

उपचार संपले तरी बाई सुट्टीच्या दिवशी व्यायामवालीकडे जातात. नवीन माणसं येतात, हात झोळीत, चेहरा पडलेला. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलेलं असतं, पण ते पडलेल्या चेहऱ्याला ऐकू गेलेलं नसतं. परवा असाच एक छपाईवाला आला होता, दुचाकीवरून पडलेला. बायको बरोबर. बरगडीच्या नसा जोडून झाल्या होत्या आणि आता महिन्यांमागून महिने काहीच होत नव्हतं. बाईंनी त्याला आरशासमोर आपल्या शेजारी बसवलं. सदरा घालताना आधी दुखरा हात घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, दार ओढायच्या आधी हात मोजायचे, किटली डाव्या बाजूला ठेवायची, असलं सगळं सांगितलं. त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, घरात टोचून बोलणारं कुणी आहे का. ती म्हणाली, माझी आई आहे. बाई म्हणाल्या, मग काळजी नको.

मग त्या सरळ बसल्या. छपाईवाला नुसता ओठातून फुंकर घातल्यासारखा श्वास घेत होता. असा नाही, बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फलाटावरचा आवाज लावला.

“लांब श्वास घ्या. आणखी. आणखी. छाती भरू द्या. आता धरून ठेवा. सोडू नका.”

छपाईवाल्याने डोळे मिटून धरून ठेवला. त्याच्या बायकोनेही. व्यायामवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ती काही म्हणणार, एवढ्यात शेजारच्या दाराची कडी वाजली. भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ते हातात आरसा घेऊन, तोंडावरची पट्टी खाली ओढून दारात उभे राहिले.

“बाई, आता सोडायला सांगा,” ते म्हणाले. “माझ्या खुर्चीतला माणूस निळा पडायला लागलाय.”